सोनेरी झाकणाचा डबा

आमच्या दुकानात अर्धी जागा माझी आणि अर्धी हिची. माझ्या अर्ध्यात मी नंबरप्लेटा रंगवतो, हिच्या अर्ध्यात ही मोटरसायकलींचं इंजिन ऑइल विकते. मधे भिंत नाही, एक लाकडी बाक आहे. तरी बाकाच्या पलीकडे तोंड उघडायची मला परवानगी नाही. एकदा मी एका गिऱ्हाइकाला आपणहून म्हणालो, "हे घ्या, हे चांगलं आहे." हिने त्याच्यादेखत मला विचारलं, "कशावरून?" मला काही सांगता येईना. तेव्हापासून मी माझ्या आकड्यांत सुखी आहे.

तेल विकायचं म्हणजे फळीवरचा डबा उचलून हातात ठेवायचा, असं लोकांना वाटतं. हिच्याकडे तसं चालत नाही. गिऱ्हाईक तेल मागतं आणि ही उलट त्यालाच विचारत बसते. गाडी कोणती, किती जुनी, रोज चढ लागतो का, मागे कोणी बसतं का, याआधी काय घातलं होतं. मग बाहेर जाऊन गाडीतलं तेल काडीवर घेते, अंगठ्याने बोटावर चोळते, हुंगते, आणि मग कुठे फळीकडे वळते. लोक वैतागतात. एक जण म्हणाला, "ताई, तेल द्या, लग्न नाही जमवायचंय." ही म्हणाली, "लग्नात एवढं बघितलं नाही तरी चालून जातं. इंजिनाचं तसं नसतं." मी मान खाली घालून ब्रश पुसत राहिलो.

काहीही न विचारता हिने तेल दिलं, असा एकच माणूस मी पाहिला. तो माणूस हिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

माझे सासरे मेकॅनिक. शहराच्या टोकाला एक उभा चढ आहे, त्या चढाच्या माथ्यावर त्यांचं घर आणि घराखाली गॅरेज. ही त्या गॅरेजात वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकून पाने पुसायला बसायची. धाकट्याला ग्रीसचा वास सोसायचा नाही. तो वर गादीवर लोळत असायचा आणि घरात सगळे त्याला 'राजे' म्हणायचे. सासऱ्यांचा कान विलक्षण. रस्त्यावरून गाडी गेली की ते हातातलं काम न सोडता लेकीला विचारायचे, "काय झालंय तिला?" ही सांगायची, चेन सैल आहे, किंवा पेट्रोल जास्त जातंय. चुकली तर ते काही बोलायचे नाहीत, बरोबर आली तर मान हलवायचे. त्या हलणाऱ्या मानेसाठी ही जेवण विसरायची.

लाल टाकीची मोटरसायकल या दोघांनी मिळून जिवंत केली. कुणीतरी टाकून दिलेली, गंजलेली, चाकं नसलेली. टाकीचा गंज हिने हातानं खरवडला, इंजिन दोघांनी उघडलं, आणि पहिली किक हिने मारली. गाडी सुरू झाली तेव्हा गॅरेजात गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर सासरे म्हणाले, "ही माझ्या पोरीची." हे मी ऐकीव सांगत नाही. त्या गिऱ्हाइकांत मी होतो. नंबरप्लेट द्यायला गेलो होतो आणि तिथेच अडकलो.

पुढे सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, कान तेवढे शाबूत राहिले. दवाखान्यातून घरी आणल्यावर एके दुपारी त्यांच्या खाटेशी टेबल ओढून आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. त्यांनी उशीखालून गॅरेजच्या किल्ल्या काढल्या आणि डाव्या हाताने राजेंच्या पुढ्यात सरकवल्या. "पोरगी तिच्या घरी सुखात आहे," असं तुटक तुटक म्हणाले. त्या वेळी ती सुखातली पोरगी त्यांना चमच्याने भरवत होती. चमचा थांबला नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर हिने टेबलाखालून माझा पाय असा दाबला की पुढचे दोन दिवस मी लंगडत होतो. हिला कुणी काही विचारलं नाही आणि ही कुणाला काही बोलली नाही.

राजेंनी गॅरेज एका गादीवाल्याला भाड्याने दिलं. तिथे हाताखाली काम करणारा मेकॅनिक रस्त्यावर आला. पाने, पकडी, जॅक, सगळं वजनावर विकलं. त्यातच हिचा लहानपणचा छोटा पाना गेला, सासऱ्यांनी हिच्या मुठीच्या मापाने मूठ घासून दिलेला. लाल गाडी तेवढी राजेंनी ठेवली, कारण गॉगल लावून तिच्यावर बसलं की माणूस बरा दिसतो. ही एकदाच मागायला गेली. तो म्हणाला, "बाईमाणसाला एवढी जड गाडी कशाला पाहिजे, ताई? लोक हसतील."

बायका रडून मोकळ्या होतात म्हणे. ही रडली नाही, त्यामुळे मोकळीही झाली नाही. आम्ही चौकात हे दुकान टाकलं. दर आठवड्याला ही चढावरच्या घरी जायची, वडिलांची नखं कापायची, चादर बदलायची आणि कामापुरतं बोलून परत यायची. त्यांची खाट खिडकीशी होती. राजे गाडी घेऊन निघाले की सासरे खिडकी उघडायला सांगायचे आणि गाडी उताराच्या तळाला पोचेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहायचे. शरीराचं सगळं गेलेलं, सुख म्हणून तेवढं एक उरलं होतं. हिला ते दिसायचं. ही नखं कापत राहायची.

राजे तेलाला आमच्याकडेच यायचे, घरचं दुकान म्हणून. आल्यावर मला म्हणायचे, "काय पाटीवाले, काय म्हणताय?" आमच्या लग्नातही त्याने माझी ओळख 'पाटीवाले' अशीच करून दिली होती. मी हसायचो. मी सज्जन आहे असा चौकात समज आहे आणि त्याचा मला फार त्रास होतो. मनातल्या मनात मी त्या माणसाच्या कितीतरी पाट्या रंगवल्या आहेत, त्यातली एकही चारचौघांत लावण्यासारखी नाही.

दर वेळी तो वरच्या फळीवरच्या सोनेरी झाकणाच्या डब्याकडे बोट दाखवायचा. "ते भारीतलं दे ना." आणि दर वेळी ही तो डबा न काढता खालच्या फळीवरचा साधा निळा डबा त्याला द्यायची आणि सांगायची, "ते चारचाकीचं आहे. चारचाकीचा क्लच कोरडा असतो, इंजिनाच्या बाहेर. आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. चारचाकीच्या तेलात जास्तीचा निसरडेपणा घातलेला असतो. ते आपल्या गाडीत घातलं की क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, नुसत्या घसरतात." तो म्हणायचा, "तुला भारीतलं द्यायचंच नसतं," आणि निळा डबा घेऊन जायचा. त्याचा हिशोब सरळ होता. चारचाकी मोटरसायकलीपेक्षा मोठी, म्हणून तिचं तेलही मोठं.

मग राजेंनी चारचाकी घेतली. आमच्या घरात ते कळलं तेव्हा हिचा चेहरा कितीतरी वर्षांनी मऊ झालेला मी पाहिला. आता त्याला लाल गाडीची गरज नाही, असं हिच्या मनात आलं. राजे दुकानात आले तेव्हा हिने दुसऱ्यांदा, आणि शेवटचं, मागितलं. चांगल्या शब्दांत मागितलं. "तुझी चारचाकी आलीय. आता लाल गाडी मला दे. मी नीट ठेवीन."

राजे बाकावर बसले होते. पाय हलवत म्हणाले, "ताई, एकदा सांगितलं ना. भंगारात घालीन, पण तुला देणार नाही. बाबांनी सगळं मला दिलंय." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "तेल दे. तिचं तेल बदलायचं राहिलंय. आणि आज ते भारीतलंच दे हं, चारचाकीचं. आता मीही चारचाकीवाला आहे."

ही स्टुलावर चढली. सोनेरी झाकणाचा डबा काढला, फडक्याने त्यावरची धूळ पुसली आणि त्याच्या हातात दिला. गाडी कोणती, विचारलं नाही. चढ लागतो का, विचारलं नाही. माझा ब्रश आकड्याच्या पोटातच थांबला. राजे खूश होऊन म्हणाले, "बघ, शेवटी आलीस ना वळणावर." ही म्हणाली, "हो."

तो गेल्यावर मी बाकापलीकडे बघून म्हणालो, "अगं, तू त्याला..."

"त्याने मागितलं," ही म्हणाली. "गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, असं तुम्हीच म्हणता ना नेहमी?" संध्याकाळी दुकान बंद करून ही मला घेऊन भंगारवाल्याकडे गेली. त्याच्याकडे इंजिनांचे ढीग पडले होते. ही त्याला म्हणाली, "लाल टाकीची जुनी गाडी येईल तुमच्याकडे. एकही बोल्ट खोलू नका. मला निरोप द्या." तो म्हणाला, "कधी येईल?" ही म्हणाली, "येईल." परत येताना मी हिच्याबरोबर चाललो होतो की हिच्या मागून, मला आठवत नाही. थोडी भीती वाटली हे खरं. पण आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, हेही तितकंच खरं.

काही दिवसांतच गाडी रडायला लागली. सपाटीवर ठीक, चढाला लागली की इंजिन ओरडायचं आणि चाक मात्र रमतगमत फिरायचं. राजेंनी ती चौकातल्या मेकॅनिककडे नेली. हा तोच, गॅरेज गेल्यावर रस्त्यावर आलेला. त्याने क्लच उघडला, जळलेल्या प्लेटा बदलल्या आणि तेल बघून विचारलं, "साहेब, हे तेल कुणी दिलं?" राजेंना ते झोंबलं. "तेलाबद्दल मला शिकवू नकोस. माझी सख्खी बहीण तेलवाली आहे. तिनं दिलंय." आणि स्वतःच्या हाताने सोनेरी झाकणाचा दुसरा डबा त्याच्यापुढे आपटला. तोही आमच्याच दुकानातून गेलेला होता.

मेकॅनिक दुपारी आमच्याकडे आला. बाकाशी उभा राहून म्हणाला, "ताई, राजेंच्या गाडीत..."

"त्याने तुम्हाला काय सांगितलं?"

"तेलाबद्दल बोलू नकोस म्हणाला."

"मग नका बोलू."

मेकॅनिकने आधी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यालाही कुणी काही न विचारताच घरी बसवलं होतं. "चालेल ताई," म्हणाला आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. तेलाबद्दल बाहेर कुणीच काही बोललं नाही. आता एकच धास्ती होती. गाडी भंगारात जायच्या आधी राजेंना कुणी खरं सांगितलं, तर ती त्याच्याच दारात राहणार होती आणि हिच्या हाती काही लागणार नव्हतं. रोज दुकान उघडताना ही आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायची.

एका संध्याकाळी आम्ही सासऱ्यांसाठी फळं घेऊन चढ चढत होतो. पुढे राजे लाल गाडी ढकलत होते. शर्ट पाठीला चिकटलेला, गॉगल डोक्यावर, आणि जळकट वास आमच्यापर्यंत येत होता. गादीवाल्याचे कामगार ओट्यावर बसून बघत होते. ही त्याच्या बरोबरीने आली आणि जरा थांबली. "दमलास का रे?" असं विचारलं. आवाजात इतकी माया होती की मला हसू आवरेना. मी फळांची पिशवी तोंडासमोर धरली. राजे धापा टाकत म्हणाले, "म्हातारी मेली ही. दोनदा प्लेटा बदलल्या. काही अर्थ राहिला नाही तिच्यात." ही म्हणाली, "जुनी झाली बिचारी," आणि पुढे निघून गेली. वर सासरे खिडकीशी डोळे मिटून पडले होते. हिने त्यांचा हात हातात घेतला आणि नखं कापली. ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. डोळे उघडून लेकीकडे बघत मात्र राहिले.

भंगारवाल्याचा निरोप आला तेव्हा ही एका गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत होती. ती अर्धी टाकून उठली, हे आमच्या चौकात आजवर घडलं नव्हतं. गाडी ढिगाच्या कडेला उभी होती, अख्खी. भंगारवाला म्हणाला, "लाथ मारून उभी करून गेला. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाला तिला." हिने वजनाचा भाव दिला, टाकीवरून हात फिरवला आणि इतक्या वर्षांनी रडली. फार नाही. बाही डोळ्यांना लावली आणि मला म्हणाली, "मागून ढकला."

दुकानात हिने ते तेल काढलं. काळं, पातळ, करपलेलं. क्लच उघडला, नव्या प्लेटा तेलात भिजत घातल्या, आतलं सगळं स्वस्तातल्या साध्या तेलाने विसळलं, ते ओतून दिलं, आणि मग निळा डबा उघडला. मी बाकापलीकडून बघत होतो. हिने स्वतःलाच विचारल्यासारखे सगळे प्रश्न पुटपुटले. किती जुनी. चढ लागतो का. मागे कोणी बसतं का. तिथे माझ्याकडे एकदा बघितलं. दुसऱ्या किकला गाडी बोलली.

रविवारी सकाळी आम्ही चढावर गेलो. ही पुढे, मी मागे. गाडी एकदाही कुरकुरली नाही. घरासमोर हिने ती लगेच बंद केली नाही; उभी ठेवून नुसती बोलू दिली. राजे खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले आणि दारातच थिजले.

"ही... ही तर मेली होती."

"तू भंगारात घातलीस," ही म्हणाली, "मी भंगारातून आणली. तू तुझा शब्द पाळलास बघ. मला काही दिली नाहीस."

"पण झालं काय होतं तिला?"

इथे ही खोटं बोलू शकली असती. मला तर वाटत होतं बोलावं. पण ज्याच्यावर उट्टं काढायचं त्याला ते कळलंच नाही तर मजा काय? हिने इंजिन बंद केलं आणि सरळ सांगितलं, "तेल. चारचाकीचं तेल घालत होतास."

"तू दिलंस!"

"तू मागितलंस. त्याआधी कितीदा नाही म्हणाले होते, आठव."

राजेंचा चेहरा टॉवेलपेक्षा पांढरा झाला. मला म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला भाऊजी म्हटलं. मी म्हणालो, "आम्ही पाटीवाले. आम्हाला तेलातलं काय कळतंय?" हे वाक्य मी अजून अधूनमधून एकटाच म्हणून बघतो.

तो तरातरा आत गेला, लहानपणी जायचा तसाच. आम्ही मागोमाग गेलो. "बाबा, ऐकलंत का? हिनं मुद्दाम गाडीची वाट लावली. मुद्दाम भलतं तेल दिलं मला."

सासरे उशीला टेकून बसले होते. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. एकेक शब्द ओढून आणत ते म्हणाले, "मला... माहीत होतं. इंजिन ओरडतंय... गाडी चढत नाही. पहिल्याच दिवशी... ऐकू आलं."

राजे खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"मला... कुणी विचारलं?"

एवढं बोलून त्यांनी मुलाकडे बघितलंच नाही. लेकीकडे बघितलं. त्या अर्ध्या हसण्यात काय होतं ते मला कळलं. आपण दोघांनी मिळून केलं, पूर्वीसारखं, असं ते म्हणत होते. त्यासाठी त्यांनी गाडी भंगारात जाऊ दिली होती, खिडकीतून ऐकायचा तो तिचा आवाजही जाऊ दिला होता. आता हिने मान हलवायची होती. तेवढंच त्यांना हवं होतं.

ही खाटेशी बसली. पिशवीतून नेलकटर काढलं, त्यांचा डावा हात मांडीवर घेतला. पहिलं नख कापलं आणि म्हणाली, "मलाही कुणी विचारलं नव्हतं, बाबा."

त्यांचं हसू हळूहळू मिटलं. खोलीत नेलकटरचा आवाज तेवढा होत राहिला. हिने दोन्ही हात केले, कधी नव्हे ते पायही केले, चादर नीट केली, नखं कागदात गुंडाळली. आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा मागून जड जिभेचे शब्द आले. "जाताना... जोरात... ने. ऐकतो."

हिने जाऊन खिडकी पूर्ण उघडली, मिटू नयेत म्हणून तिच्या दोन्ही झडपा आकड्यांत अडकवल्या. मग बाहेर आली.

गाडीवर बसलो. मी किकची वाट बघत हिच्या खांद्याला धरलं. हिने गाडी न्यूट्रलला टाकली, स्टँड काढला आणि पायाने जमिनीला रेटा दिला. चाकं फिरायला लागली.

"अगं, किक नाही मारायची?" मी विचारलं.

"उतार आहे," ही म्हणाली.

आम्ही आवाज न करता खाली घरंगळत गेलो. कानात नुसता वारा आणि अधूनमधून ब्रेकची किरकिर. मी मागे वळून खिडकीकडे बघितलं. हिने बघितलं नाही. अगदी तळाला, रस्ता वळतो तिथे, जिथून वर काहीच ऐकू जात नाही, तिथे हिने गाडी थांबवली, उतरली, आणि किक मारली.